विसावा आणि मुक्काम

प्रश्न: माझं वय ४६. सासूबाईंना अर्धांगवायू होऊन तीन वर्षं झाली. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. मिस्टरांचं दुकान बंद पडलं, आता मिळेल ते काम करतात. कर्जाचे हप्ते मात्र चालूच आहेत. मी शाळेत क्लार्क आहे, मुलगी बारावीला. रात्री अकराला गुडघे टेकते आणि प्रार्थनेतच डोळा लागतो. कधीकधी 'यांची सुटका कधी होणार' असं मनात येतं आणि मग रात्रभर मन खातं. मंडळीतले (आमच्या चर्चमधले) एक जण म्हणाले, "ताई, विश्वास कमी पडतोय, म्हणून शांती नाही." प्रभू म्हणाला होता ना, मी विसावा देईन म्हणून? मग तो मलाच का मिळत नाही?

उत्तर:

ताई, जय ख्रिस्त.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. उत्तर लांबणार आहे, तेव्हा एका बैठकीत वाचू नका. सासूबाईंचं आटोपलं की चहा घेताना थोडं थोडं वाचा.

मंडळीतलं ते वाक्य तुमच्या मनात सलतंय, म्हणून आधी त्याचंच बघू. मी चौतीस वर्षं नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांत पाळकाचं काम केलं. त्यातली अकरा वर्षं मिशनच्या दवाखान्यात, आजाऱ्यांच्या उशाशी गेली. 'विश्वास कमी पडतोय' हे मी कितीतरी घरांत ऐकलं आणि सेवेच्या पहिल्या काही वर्षांत मी स्वतःही ते बोललो आहे. एका वस्तीवर एक बाप होता, त्याच्या मुलाची मूत्रपिंडं निकामी झाली होती. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "भाऊ, विश्वास धरा, सगळं ठीक होईल." तो काही बोलला नाही. पुढचे दोन महिने तो उपासनेला आला नाही. मुलाच्या आजारपणामुळे येत नसेल असं मला वाटत होतं. शेवटी त्याच्या बायकोनं सांगितलं, "पाळकसाहेब, ते म्हणतात, पोराचं दुखणं माझ्या विश्वासामुळं बरं होत नसेल तर मी देवाच्या घरात कोणत्या तोंडानं येऊ?" त्या दिवसानंतर हे वाक्य मी कुणाला म्हटलेलं नाही.

तुम्ही ज्या वचनावर बोट ठेवलंय ते बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात अगदी शेवटी येतं. आपण ते कॅलेंडरवर, घराच्या दारावर, कबरीच्या दगडावर इतक्यांदा वाचतो की त्याच्या आधी काय आहे ते विसरून जातो. अध्याय पहिल्या ओळीपासून वाचा. तुरुंगातल्या एका माणसाच्या शंकेनं तो सुरू होतो. बाप्तिस्मा करणारा योहान, ज्यानं यार्देन नदीत स्वतः येशूचा बाप्तिस्मा केला, तो हेरोद राजाच्या कैदेत पडलाय आणि आपल्या शिष्यांकरवी विचारतोय: जो येणार आहे तो तूच ना, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? विश्वासाच्या परीक्षेत याला आपल्यापैकी कितीजण पास करतील? येशूनं त्याला कमी विश्वासाचा म्हटलं नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना सुवार्ता मिळते, एवढं जाऊन सांगा, म्हणाला. निरोपे पाठमोरे झाल्यावर लोकांकडे वळून तो म्हणाला, स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कोणी निघालेला नाही. योहान काही तुरुंगातून सुटला नाही, तिथेच मारला गेला. पण त्याच्या शंकेचा येशूनं कुठेही अपमान केलेला नाही. विसाव्याचं आमंत्रण याच अध्यायाच्या शेवटी येतं, म्हणून शंका घेऊन आलेल्याला ते लागू नाही असं कुणी म्हणायला लागलं तर त्याला पहिलं पान उघडून दाखवा.

आता ते वचन पुन्हा पाहू. 'अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन.' ऐकायला समोर कोण बसलं होतं? गालीलातले कोळी आणि शेतमजूर, कराखाली दबलेली माणसं. पण त्यांच्या खांद्यावर आणखीही एक ओझं होतं. त्याच शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात येशू शास्त्री आणि परूशी, म्हणजे त्या काळचे यहुदी धर्मपंडित आणि कर्मठ लोक, यांच्याविषयी म्हणतो की, ते जड ओझी बांधून लोकांच्या खांद्यांवर देतात, पण स्वतः ती हलवायला बोटही लावत नाहीत. ही ओझी धर्माची होती. एवढं पाळा, तेवढं करा, अजून कमी पडतंय. ताई, तुमच्या खांद्यावर सासूबाईंचं आजारपण आहे, कर्ज आहे, मुलीची बारावी आहे. त्यावर कुणीतरी 'तुमचा विश्वास अपुरा' हे चौथं गाठोडं ठेवून गेलंय. पहिली तीन मी काढून घेऊ शकत नाही. चौथं मात्र प्रभूनं तुमच्यावर ठेवलेलंच नाही. ते आजच खाली ठेवा.

पुढे थोडं शब्दांत शिरतो. मला त्याची आवड आहे आणि इथे त्याचा उपयोगही आहे. आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, अनुवादकांनी इथे 'विश्रांती' लिहिलेलं नाही, 'विसावा' लिहिलंय. पंढरीच्या वाटेवर पालखीचा विसावा असतो आणि मुक्कामही असतो. नगर जिल्ह्यात राहणाऱ्याला हा फरक सांगायला नको. मुक्कामाला तंबू पडतात, चुली पेटतात, रात्र सरते. विसावा अर्ध्या तासाचा. पाय सोडून बसायचं, पाणी प्यायचं, खांद्यावरची पताका झाडाला टेकवायची आणि उठून पुढची वाट धरायची. विसावा वाटेवरच असतो. इब्री लोकांस पत्रात म्हटलंय की देवाच्या लोकांसाठी शब्बाथाचा, म्हणजे देवानं नेमलेल्या विश्रांतीच्या दिवसाचा, विसावा अजून राहिलेला आहे, तो खरा मुक्काम. तो पुढे आहे. माझ्याकडे येऊन 'मला शांती का नाही' असं विचारणारी बहुतेक माणसं मुक्काम मागत असतात. सगळं एकदाचं मिटू दे, मग मी निवांत बसेन. तसं मागण्यात काही चूक नाही. पण या वचनात प्रभूनं आज देऊ केलाय तो वाटेवरचा विसावा. वाट संपली नाही म्हणून तो मिळालाच नाही असं धरू नका.

आणि लगेच पुढे तो काय म्हणतो? 'मी जो मनाचा सौम्य व लीन आहे त्या माझे जू आपणांवर घ्या व माझ्यापासून शिका म्हणजे तुमच्या जिवास विसावा मिळेल. कारण माझे जू सोयीचे व माझे ओझे हलके आहे.' तरुणपणी मला हे कोडं वाटायचं. आधीच दमलेल्या माणसाच्या मानेवर आणखी जू? मला ते उलगडलं एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या अंगणात. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ते बैलांची खांदेमळणी करत होते. कोमट पाण्यानं खांदा शेकायचा आणि हळद-तूप चोळायचं. एका बैलाच्या खांद्यावर सूज होती. मी विचारलं, फार ओढलं का यंदा? ते म्हणाले, "ओढल्यानं नाही आली. नवं जू त्याच्या मापाचं नव्हतं. कडा टोचत होती." मग गोठ्यातल्या गोऱ्ह्याकडे बोट करून म्हणाले, "हा अजून शिकतोय, म्हणून म्हाताऱ्याबरोबर जुंपतो. ओढायचं काम म्हातारा करतो. यानं नुसतं शेजारी चालायचं."

घरी येऊन मी ग्रीक शास्त्र उघडलं. जिथे आपण 'सोयीचे' म्हणतो तिथे मूळ शब्द आहे 'ख्रेस्तॉस', म्हणजे चांगलं, उपयोगाला नीट बसणारं, मायेचं. म्हणजे त्या शेतकऱ्याच्या भाषेत, मापाचं जू. येशू स्वतः सुतार होता. मार्क आपल्या शुभवर्तमानात तसं स्पष्ट लिहितो. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टिर नावाचा ख्रिस्ती लेखक होऊन गेला. तो लिहितो की येशू नांगर आणि जू बनवायचा. ज्यानं रंधा मारून जुवांच्या कडा गुळगुळीत केल्या असतील, त्याच्या तोंडचं हे वाक्य आहे. शिवाय आपल्याकडे जू सहसा दोन बैलांचं असतं. 'माझं जू' म्हणजे ज्याच्या दुसऱ्या बाजूला तो स्वतः आहे ते.

यातून मी जे शिकलो ते असं. तुमचं काम कमी होईल असं वचन नाही. सासूबाईंची कूस उद्याही बदलावी लागेल. पण ते काम करताना तुमच्या मानेवर कोणाचं जू आहे, हे बदलू शकतं. 'मी चांगली सून ठरले पाहिजे', 'लोक काय म्हणतील', 'मी एकटीनंच निभावलं पाहिजे', 'देव माझी परीक्षा घेतोय, नापास झाले तर?' ही सगळी जुवंच आहेत, दुसऱ्याच्या मापाची. त्यांच्या कडा टोचतात. काम तेच राहून त्या कडा गेल्या की खांद्याला फरक कळतो. अकरा वर्षं दवाखान्यात मी हे पाहिलं. दोन बायका तीच सेवा करायच्या, तेवढेच तास जागायच्या. एक आतून सोलून निघायची, दुसरी दमायची आणि झोपायची. दुसरीचा विश्वास मोठा होता असं मी म्हणणार नाही. आपण कोणाबरोबर चालतोय हे तिला कोणीतरी वेळेवर सांगितलं होतं, इतकंच.

आता त्या झोपेबद्दल, जिची तुम्हाला लाज वाटते.

शेवटच्या रात्री गेथशेमाने बागेत येशू म्हणाला, 'माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे.' ज्या वेळी त्याला सोबत हवी होती नेमके तेव्हाच त्याचे शिष्य झोपले. लूक आपल्या शुभवर्तमानात या ठिकाणी एक गोष्ट टिपतो जी बाकीचे लेखक टिपत नाहीत: ते दुःखामुळे झोपले होते. प्रेषित पौलानं लुकाला प्रिय वैद्य म्हटलंय. वैद्याच्या नजरेला झोपेचं कारण दिसलं. आणि येशूनं त्यांना उठवलं तरी समजूनही घेतलं: 'आत्मा उत्सुक आहे खरा, तरी देह अशक्त आहे.' एकशे एकविसावं स्तोत्र सांगतं की इस्राएलाचा रक्षक डुलकीही घेत नाही. तो जागा आहे म्हणून तुम्ही झोपू शकता. रात्री अकराला गुडघ्यांवर येणारी झोप पाप नाही. ती तुमच्या देहानं केलेली प्रार्थना समजा आणि सरळ अंथरुणावर आडव्या व्हा. प्रार्थना करायचीच असेल तर सकाळी दूध तापत असताना करा. दोन वाक्यं पुरे: 'प्रभू, आज मला एवढं एवढं करायचंय. तू शेजारी चाल.' एवढंही सुचलं नाही तर प्रभूची प्रार्थना म्हणा. माणसाला शब्द सुचत नाहीत तेव्हासाठीच तर ती तयार शब्दांची दिलेली आहे.

एलीयाची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. कर्मेल डोंगरावर विजय मिळवलेला हा संदेष्टा लगेचच ईजबेल राणीच्या भीतीनं रानात पळाला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि 'आता पुरे, माझा जीव घे' म्हणाला. देवानं काय केलं? उपदेश केला नाही. देवदूतानं त्याला उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू दिला. तो जेवला आणि परत झोपला. देवदूतानं दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला दिलं आणि कारण सांगितलं: तुला दूरचा पल्ला गाठायचाय. देवाचा मंद वाणीतला शब्द त्यानंतर, चाळीस दिवस चालून होरेब डोंगरावर पोचल्यावर आला. नैराश्यानं खचलेल्या विश्वासणाऱ्यावर देवानं केलेला पहिला इलाज म्हणजे झोप आणि भाकरी. हा क्रम मी आता कधी उलटा करत नाही.

म्हणून थेट विचारतो. झोप उडणं, भूक मरणं, कशातच मन न लागणं, विनाकारण रडू येणं असं दोन आठवड्यांहून जास्त चाललंय का? तसं असेल तर डॉक्टरांना दाखवा, गरज पडली तर मानसोपचाराच्याही. उदासीनता हा आजार आहे, जसा मधुमेह आहे. औषध घेतल्यानं ख्रिस्तावरचा भरवसा कमी होत नाही. सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. जगणंच नको असा विचार मनात आला तर त्याच घटकेला घरातल्या कुणाला तरी सांगा आणि हा नंबर लावा.

'यांची सुटका कधी होणार' हा विचार. ताई, वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा केलेला आणि ज्याच्या मनात हे कधीच आलं नाही असा माणूस मला अजून भेटायचाय. काहींच्या मनात याच्याही पलीकडचं येतं. मोशेला इस्राएल लोकांचा भार असह्य झाला तेव्हा तो देवाला म्हणाला, मी यांना गर्भात वाहिलं का, की मी यांना तान्ह्या बाळासारखं उरी धरून न्यावं? माझ्याशी असंच वागणार असशील तर मला मारूनच टाक. बायबलमधलं गणना हे पुस्तक, अध्याय अकरा. हे बोलणं शास्त्रात जपून ठेवलंय. देव मोशेवर रागावला नाही. विश्वास वाढव असंही म्हणाला नाही. म्हणाला, वडिलांपैकी सत्तर जण माझ्याकडे घेऊन ये. ते तुझ्याबरोबर हा भार वाहतील.

सत्तर माणसं! हा देवाचा इलाज होता.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं मोठं उत्तर इथे आहे, म्हणून थोडं थांबतो. पौल गलतीकरांना एका दमात दोन गोष्टी लिहितो: एकमेकांची ओझी वाहा, आणि तीनच वचनं खाली, प्रत्येकानं आपापला भार वाहावा. वाचणाऱ्याला वाटतं पौल गोंधळला. पण मुळात हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला 'बारोस', म्हणजे माणसाला चिरडणारं वजन. दुसरा 'फोर्तिओन', म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याचा माल; गलबतात भरलेल्या मालालाही हाच शब्द येतो. येशू 'माझे ओझे हलके आहे' म्हणतो तिथेही फोर्तिओनच आहे. तुमचा फोर्तिओन कोणता? सासूबाईंवरची माया, मुलीवरचं लक्ष, नवऱ्याला धीर देणं. हे दुसरं कुणी वाहू शकत नाही. पण रोज रात्री एकटीनं जागणं हे बारोस आहे. ते एकटीनं वाहण्यासाठी नसतंच. ते वाहत राहिल्यानं भक्ती मोठी होत नाही, पाठ मात्र मोडते.

नव्वदच्या दशकात माझ्या एका गावच्या मंडळीत अशीच एक सून होती. सासरे अंथरुणात, नवरा परगावी साखर कारखान्यावर. ती उपासनेला यायची बंद झाली तेव्हा मी भेटायला गेलो, प्रार्थना केली, निघालो. दारात ती म्हणाली, "सगळे येतात, प्रार्थना करतात, जातात." मला रात्री झोप आली नाही. पुढच्या रविवारी उपासनेनंतर मी फळ्यावर सात वार लिहिले आणि म्हणालो, प्रार्थना आपण करूच; त्या आधी या सात जागांवर नावं लिहू. एका घरानं एक संध्याकाळ घ्यायची, सहा ते आठ. त्या दोन तासांत ती बाई झोपेल, बाजारात जाईल, नुसती ओट्यावर बसेल. काय करतेस असं विचारायचं नाही. सात नावं आली. तिसऱ्या आठवड्यात दोन गळाली. त्यातल्या एका जागी शेजारची एक म्हातारी आली, जी मंडळीतली नव्हती, सोमवारचा उपवास करणारी बाई होती. "मला बी एक वार द्या," म्हणाली. सासरे देवाघरी जाईपर्यंत चौदा महिने ते चाललं. त्या सुनेनं पुढे मंडळीसमोर साक्ष दिली, म्हणजे आपला अनुभव सांगितला, तेव्हा चमत्कार वगैरे काही सांगितला नाही. ती म्हणाली, "मला मंगळवार मिळाला."

तुमच्या मंडळीत हे होऊ शकेल का, मला माहीत नाही. पण मागितल्याशिवाय होणार नाही. 'काही लागलं तर सांगा' असं म्हणणारे तुमच्याकडेही असतील. त्यांना पुढच्या वेळी 'प्रार्थना करा' एवढंच सांगून सोडू नका. 'बुधवारी सहा ते आठ आईंजवळ बसाल का?' असं विचारा. 'रविवारी दहा भाकरी थापून द्याल का?' लोकांना दिवस आणि वेळ सांगितली की ते हो तरी म्हणतात किंवा नाही तरी म्हणतात. ज्यांनी तुम्हाला विश्वासाबद्दल सुनावलं त्यांनाही विचारा. हे मी कडवटपणानं सांगत नाही. ज्यानं एकदा स्वतः मलमूत्राची चादर बदलली, तो पुन्हा असं बोलत नाही.

आणि मिस्टर. पत्रात तुम्ही त्यांच्याबद्दल एकच ओळ लिहिलीय. दुकान गेलेला माणूस घरात गप्प होतो, त्याला वाटतं आपण कशाच्याच कामाचे उरलो नाही. अंथरुणातल्या त्या आई त्यांच्या आहेत, ताई. अंथरुणातल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्रीची त्यातली एक पाळी त्यांची असू दे. सेवा हे सुनेचंच काम असं शास्त्रात कुठेही नाही. वधस्तंभावरून येशूनं स्वतःच्या आईची सोय लावली ती एका पुरुषाच्या हाती.

कर्जाबद्दल थोडक्यात. जुना हप्ता फेडायला नवं कर्ज काढू नका. बँकेत दोघांनी मिळून जा आणि हप्त्यांची फेररचना होईल का ते लेखी अर्ज देऊन विचारा. आणि 'अमुक रकमेचं बी पेरा, देव शंभरपट देईल' असं सांगणाऱ्या कुणालाही एक रुपयासुद्धा देऊ नका. विधवेनं दान टाकलेल्या दोन टोल्या, म्हणजे अगदी कमी किमतीची नाणी, येशूनं पाहिल्या आणि तिचं कौतुक केलं, त्याच्या लगेच आधी विधवांची घरं गिळणाऱ्यांबद्दल त्यानं काय म्हटलंय तेही वाचा.

शांती लगेच का जाणवत नाही, याबद्दल एका बाईचं उदाहरण देतो. पंडिता रमाबाई. दुष्काळात अन्नावाचून आईवडील गेले, मग बहीण, भाऊ; लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा १८८२ साली पतीही पटकीनं गेले. मांडीवर तान्ही मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्याला वाटेल, झाली शांती. पण पुढे त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो उमगायला बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षं गेली. त्या आठ वर्षांत त्या बसून नव्हत्या. अमेरिकाभर फिरल्या, १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, विधवांना शिकवलं. आत पोकळी असतानाही त्यांची सेवा चालू होती. आणि शांती मिळाल्यावर दुःखं थांबली का? १९२१ साली मनोरमा आईच्या आधी गेली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये रमाबाई. तोपर्यंत पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांचं बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराचं काम चालूच होतं. मला विसाव्याचा अर्थ विचारला तर मी रमाबाईंचं ते लिहिण्याचं टेबल डोळ्यापुढे आणतो.

म्हणून आज काही 'जाणवत' नाही याचा अर्थ ख्रिस्त शेजारी नाही असा काढू नका. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचा. बहुतेक विलापगीतं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळतच नाही, अंधारातच संपतं. तरी ते शास्त्रात आहे आणि तीही प्रार्थनाच आहे. वाईट रात्री मी तेच वाचतो, कारण त्यात मला उसनी आनंदी भाषा बोलावी लागत नाही.

एक गोष्ट आजपासून करता येईल. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा आहे. तिथे विसाव्याचं कारण दिलंय: तू मिसर देशात दास होतास, म्हणून तुझ्या दासदासीला, तुझ्या बैलालाही विसावा मिळावा. दासाला सुट्टी नसते, मोकळ्या माणसाला असते. तुम्हाला रविवार मिळत नसेल तर आठवड्यातले दोन तास ठरवा, ज्यात तुम्ही कुणाची सून, कुणाची आई, कुणाची क्लार्क नसाल. ते काम उरकायला वापरू नका. उपासनेला जाणं जमत नसेल तर पाळकांना फोन करून सांगा की प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस, घरी आणा, सासूबाईंसाठी आणि तुमच्यासाठी. ते तुमच्या पाळकांचं कामच आहे. आम्ही उपकार करतो असं मानू नका.

शेवटी सासूबाई. त्यांना काही कळतं की नाही म्हणून कदाचित तुम्ही त्यांच्याजवळ गप्प राहत असाल. अर्धांगवायूत वाचा गेलेल्या कित्येक माणसांना बोलता येत नाही, पण गाता येतं. बोलण्याची आणि सुरांची वाट मेंदूत पूर्णपणे एक नाही. दवाखान्यात एका आजीच्या तोंडून सहा महिने 'हं' पलीकडे काही निघालं नव्हतं. एका संध्याकाळी तिच्या नातीनं उशाशी बसून, लहानपणी आजीनंच शिकवलेलं भजन म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या कडव्याला आजीचे ओठ हलले, तिसऱ्याला शब्द आले, अडखळत, पण चालीत. खोलीतल्या नर्सनं हातातली ट्रे खाली ठेवली.

सासूबाई कोणतं गीत म्हणायच्या ते मिस्टरांना विचारा, त्यांना नक्की आठवेल. उद्या संध्याकाळी दोघांनी त्यांच्याजवळ बसून ते म्हणा. त्या गाऊ लागल्या नाहीत तरी म्हणा. आणि बुधवारसाठी कोणाला विचारायचं, ते नाव आजच कागदावर लिहा.